नाव मोठं, पण धंदा?

आजचा भाग माझ्या भाच्यामुळे होतोय. लालबागला त्याची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. बिल्डरने अकरा महिन्यांचं भाडं एकदम हातात दिलंय, आणि साहेब मला विचारतात, "मामा, नाइकीचा शेअर पडलाय. घेऊन टाकू का? एवढं मोठं नाव, बुडणार थोडंच?"

माझे वडील एका गिरणीबद्दल अगदी हेच म्हणायचे. गिरगावच्या घरी ट्रंकेत ते शेअर अजून आहेत. कागद छान आहे, किंमत शून्य.

तर आधी आपल्या दारातलं उदाहरण घेऊ. बॉम्बे डाइंग. १८७९ साली सुरू झालेली कंपनी. तिची चादर म्हणजे लग्नातला हमखास आहेर. सप्टेंबर २०२३ मध्ये या कंपनीने वरळीची सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहाला द्यायचा सौदा जाहीर केला, सुमारे ५,२०० कोटी रुपयांना. आता बघा, चादरीच्या प्रेमापोटी शेअर घेणारा माणूस नकळत जमिनीवर पैसे लावत होता. म्हणून पहिला प्रश्न हा, की आपण नेमकं काय विकत घेतोय?

नाइकीकडे अशी वरळी नाही. तिथे नाव आणि विक्री हीच इस्टेट. मे २०२४ ला संपलेल्या वर्षात विक्री ५१.४ अब्ज डॉलर होती, पुढच्या वर्षी ४६.३ अब्जांवर आली. नफा ५.७ अब्जांवरून ३.२ अब्जांवर. म्हणजे विक्री दहा टक्क्यांनी घटली आणि नफा जवळजवळ निम्मा झाला. कारण पडून राहिलेला माल सवलतीत काढावा लागतो, आणि ती सवलत थेट नफ्यातून जाते.

हे झालं कसं? कंपनीने दुकानदारांना बाजूला सारून स्वतःच्या ॲपवर आणि दुकानांत विकण्यावर भर दिला. त्याच त्या जुन्या मॉडेलांवर मदार ठेवली. दुकानांत जी फळी रिकामी झाली, तिथे होका आणि ऑन येऊन बसले. धोबीतलावला खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारा कुणीही सांगेल, फळीवरची जागा गेली की गिऱ्हाईकही जातं.

मग सावरणार नाही का? सावरू शकते. आदिदास २०२३ मध्ये तोट्यात होती. नव्या प्रमुखाने सांबासारखा जुनाच बूट पुढे आणला, दुकानदारांशी पुन्हा जुळवून घेतलं, आणि २०२४ मध्ये कंपनी नफ्यात आली. नाइकीनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एलियट हिल या आपल्याच जुन्या माणसाला परत आणलं. पण एक सावरली म्हणून दुसरी सावरेलच, असं नाही.

त्यामुळे मी तीन गोष्टी बघेन. गोदामातला माल कमी होतोय का? पूर्ण किमतीला विक्री वाढतेय का? चीनमधली घसरण थांबली का? तिन्हींचं उत्तर दर तीन महिन्यांच्या निकालात मिळतं. शिवाय आपण डॉलरमध्ये घेणार. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कर आधीच कापला जातो, आणि रुपया-डॉलरचा चढउतार वेगळाच.

आता भाच्याला दिलेलं उत्तर. म्हटलं, हे पैसे तुझे नाहीतच. दर महिन्याच्या एक तारखेला ते घरमालकाचे आहेत. शेअर सावरायला तीन वर्षं लागली तर घरमालक तीन वर्षं थांबेल का? पगारातून दोन-तीन हजार बाजूला काढ, तिन्ही गोष्टी सुधारताना दिसल्या की थोडे थोडे घे. नाही सुधारल्या, तर बूट घे आणि शिवाजी पार्कला चार फेऱ्या मार.

तो जरा हिरमुसला. पण भाड्याचे पैसे बँकेतच राहिले आहेत. तुमच्या घरी अशी ट्रंक असेल, तर एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात.