चौसष्ट घरं, चौसष्ट मतं

  धान कापून झाले असतील तर निवांत ऐका, आणि बसमध्ये असाल तर इअरफोन लावा, कारण आज मी जरा जास्त बोलणार आहे. विषय आहे बुद्धिबळ. पण आज ओपनिंग नाही, एंडगेम नाही, मॅग्नसने टेबलावर हात आपटला तो व्हिडिओही नाही. आज आपण ऑल इंडिया चेस फेडरेशनबद्दल, म्हणजे अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाबद्दल बोलू. ती संस्था कशी चालते, आणि माझ्या मते ती कशी चालायला हवी.

आता तुम्ही म्हणाल, भंडाऱ्याच्या पोराला दिल्ली-चेन्नईच्या फेडरेशनचं काय पडलंय? तर ऐका.

नागपुरात सध्या बुद्धिबळाचं जे वातावरण आहे ते तुम्हाला माहीतच आहे. रौनक साधवानी तेरा वर्षांचा असताना, २०१९ साली ग्रँडमास्टर झाला. संकल्प गुप्ता २०२१ मध्ये झाला. आणि दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकच जिंकला, फायनलमध्ये कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून. त्या एका विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली, देशातली ८८वी. हे सगळं भंडारा शहरापासून साठेक किलोमीटरवर. आमच्या साकोलीहून शंभरेक.

पण हे शंभर किलोमीटर नकाशावर दिसतात तेवढे छोटे नाहीत. माझा भाचा अकरा वर्षांचा आहे. चांगला खेळतो, मोबाइलवर तर मला दहापैकी आठ वेळा हरवतो. त्याला फिडेचं रेटिंग हवंय. आता रेटिंग मिळतं कसं? रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात, तेही अधिकृत नोंदणी झालेल्या स्पर्धेत. आणि तुमची कामगिरी १४०० च्या वर असावी लागते. आधी ही खालची मर्यादा १००० होती, मार्च २०२४ पासून फिडेने ती १४०० केली. खालच्या रेटिंगमध्ये गोंधळ झाला होता, तो निस्तरायला हा बदल हवाच होता, मला मान्य आहे. पण त्याचा अर्थ तालुक्याच्या पोरासाठी काय होतो बघा. गावात, तालुक्यात जे खेळतात त्यांच्यापैकी कोणालाच रेटिंग नाही. म्हणजे तो इथे शंभर डाव जिंकला तरी कागदावर शून्य. रेटिंगवाले प्रतिस्पर्धी नागपुरात. तिथे जायचं तर प्रवेश फी, तीन-चार दिवस राहणं, सोबत आईबापांपैकी एकाची सुट्टी.

गेल्या वर्षी एका स्पर्धेची फी होती अठराशे रुपये. ताई म्हणाली, "अठराशे? अरे, एवढ्यात डीएपीची थैली येऊन वर पैसे उरतात." भाऊजी काही बोलले नाहीत, पैसे देऊन टाकले. पोरगं नऊपैकी साडेचार गुण करून आलं, त्यात तीन डाव बिनरेटिंगवाल्यांशी. रेटिंग आलंच नाही. दुसऱ्यांदा पाठवायचं की नाही यावर घरात अजून चर्चा होऊन राहिली आहे.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाहीये. फेडरेशनचा एकेक नियम घरातल्या डीएपीच्या थैलीपर्यंत कसा पोचतो ते सांगतोय. आणि मग प्रश्न येतो, हे नियम ठरवतं कोण?

जानेवारी २०२१ मधली फेडरेशनची निवडणूक आठवा, किंवा आठवत नसेल तर आत्ता ऐका. त्याआधी दोन गट पडले होते, एकीकडे अध्यक्ष, दुसरीकडे सचिव, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं होतं. शेवटी ऑनलाइन मतदान झालं. अध्यक्षपदासाठी संजय कपूर ३३, व्यंकटरामा राजा ३१. सचिवपदासाठी भरतसिंह चौहान ३५, रवींद्र डोंगरे २९. बेरीज करा. दोन्हीकडे ६४. पटावर जेवढी घरं, देशाच्या बुद्धिबळात तेवढीच मतं! हा योगायोग मला इतका आवडला की एपिसोडचं नाव तेच ठेवलं. प्रत्येक राज्य संघटनेला दोन मतं, बत्तीस संघटना, खेळ खल्लास. आनंदला मत नाही, दिव्याला नाही, तुमच्या गावच्या प्रशिक्षकाला नाही.

पुढची गंमत अजून बाकी आहे. डोंगरे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. राष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार सचिवाला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून यायचं तर दोन तृतीयांश मतं लागायची. ६४ चे दोन तृतीयांश म्हणजे ४३. मिळाली होती ३५. जून २०२२ मध्ये न्यायालयाने निवड बेकायदा ठरवली. पण तेव्हा महाबलीपुरमचं चेस ऑलिम्पियाड दोन महिन्यांवर होतं आणि त्याची सगळी सूत्रं त्याच सचिवांकडे. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १५ ऑगस्टपर्यंत राहू दिलं. आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. एक माणूस काढला तर अख्खी सिस्टिम बसते अशी अवस्था कुठल्याही प्रोजेक्टमध्ये आली की टीम लीड ओरडतो. इथे ३५ ला ४३ पेक्षा लहान ठरवायला जवळपास दीड वर्ष गेलं.

बरं, मग राज्यांना मतं नसावीत का? मला तसं वाटत नाही. प्रत्येक राज्याला सारखी मतं असली की छोट्या राज्यांना आवाज राहतो, फिडेमध्येही एक देश एक मत असंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या ६४ च्या बाजूला खेळाडूंची काही मतं असावीत. अमेरिकेत संघटनेचे सभासद कार्यकारी मंडळ थेट निवडतात. आपल्याकडे प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूचा मोबाइल नंबर फेडरेशनकडे आहे, ओटीपी पाठवून मतदान घेणं हे काही चंद्रावर जाणं नाही. अठरा वर्षांवरच्या खेळाडूंनी आणि अल्पवयीन खेळाडूंच्या पालकांनी मिळून पाच-सात प्रतिनिधी निवडले तर काय बिघडेल? पालकांचा मुद्दा मी मुद्दाम घालतोय. आपल्याकडे बुद्धिबळाचा खर्च पालक उचलतात, आणि त्यांना कुठेच कोणी विचारत नाही.

थोडं काम कायद्याने केलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. कार्यकारी समितीत पंधरापेक्षा जास्त लोक नकोत, त्यात किमान चार महिला, किमान दोन नामवंत खेळाडू, शिवाय खेळाडूंची वेगळी समिती. भांडणांसाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण. ज्या संघटना सरकारी अनुदान घेतात त्यांना माहितीचा अधिकार लागू. हे चांगलं आहे. पण नामवंत खेळाडू म्हणजे वरचे. ज्याचं रेटिंग १४०० च्या दारात अडकलंय त्याचं प्रतिनिधित्व वरचा ग्रँडमास्टर करेलच असं नाही. ग्रँडमास्टरला बहुतेक ठिकाणी प्रवेश फी नसते, राहण्याची सोयही आयोजक करतात. आणि ते बरोबरच आहे, त्यांच्या नावावर स्पर्धा भरते. पण अठराशेची चणचण त्यांच्यापर्यंत पोचणार कशी?

आता महाराष्ट्रातलीच एक जुनी गोष्ट सांगतो, कारण आपल्याला वाटतं फेडरेशन काही बदलत नाही. खाडिलकर बहिणी तुम्हाला माहीत असतील. वासंती, जयश्री, रोहिणी. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि पहिली विजेती वासंती. पुढची कित्येक वर्षं विजेतेपद याच घरात फिरत होतं. तर १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिच्या खेळण्यावर आक्षेप घेतला गेला, वडील उच्च न्यायालयात गेले. शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स युवे यांनी स्पष्ट केलं, की महिलांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून बाद करता येणार नाही. तेव्हा रोहिणी तेरा वर्षांची होती! आज दिव्या ओपन स्पर्धांमध्ये पुरुषांना हरवते तेव्हा कोणी भुवयाही उंचावत नाही. पण तेव्हा बाहेरून दट्ट्या यावा लागला, आतून झालं नाही.

दुसरा दट्ट्या २०१८ चा. फेडरेशन खेळाडूंकडून लिहून घ्यायचं, की आमची मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणार नाही. खेळलात तर बंदी, रेटिंग यादीतून नाव बाहेर. काही खेळाडू लढले, प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेलं. ही कॉम्पिटिशन कमिशन बरं का, कंपन्यांची मक्तेदारी तपासते ती. आयोगाने सांगितलं की फेडरेशनने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, आणि ६.९२ लाख रुपये दंड लावला. रक्कम मोठी नाही. पण खेळाची संघटना म्हणजे बाजारातला ताकदवान खेळाडू, आणि तिलाही नियम आहेत, हे कागदावर आलं. माझ्या दृष्टीने आपल्या बुद्धिबळातला हा फार महत्त्वाचा निकाल आहे आणि त्याची चर्चा फार कमी झाली.

याच्यातून माझी पुढची मागणी निघते. साकोलीत, तुमसरमध्ये, पवनीत कोणाला स्पर्धा घ्यायची असेल तर मान्यता कशी मिळते, किती दिवसांत मिळते, नाकारली तर कारण काय, हे सगळं एका पानावर दिसलं पाहिजे. रेल्वेचं वेटिंग दिसतं तसं. अर्ज क्रमांक टाका, स्थिती बघा. आमच्या एका ओळखीच्या शिक्षकांनी शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा घ्यायची म्हणून वर फोन लावले, तीन आठवडे "बघतो, सांगतो" ऐकलं आणि शेवटी बिनरेटिंगची घेतली. कोणाची चूक, मला ठाऊक नाही. कारण कुठे काही लिहिलेलंच नव्हतं.

आणि देशी रेटिंग! हा माझा आवडता मुद्दा. जर्मनीत स्वतःचं रेटिंग आहे, इंग्लंडमध्ये आहे, अमेरिकेत आहे. आपल्या फेडरेशनमध्ये मार्च २०२४ मध्ये नितीन नारंग अध्यक्ष झाले, त्यानंतर ६५ कोटींचा आराखडा जाहीर झाला. त्यात अव्वल खेळाडूंना करार होते, आणि हौशी खेळाडूंसाठी भारतीय रेटिंगची कल्पनाही होती. कल्पना शंभर टक्के बरोबर आहे. गणित तर अगदी साधं. दोघांत चारशे गुणांचा फरक असेल तर वरच्याने अकरा डावांत दहा गुण मिळवावेत अशी अपेक्षा, कमी मिळाले तर त्याचे गुण कमी, जास्त मिळाले तर जास्त. एवढा कोड बीटेकच्या दुसऱ्या वर्षातलं पोरगं एका रात्रीत लिहील. अवघड भाग वेगळा आहे. निकाल खरे भरले गेले का, पंच प्रशिक्षित आहे का, पोराचं वय खरं आहे का. त्यासाठी माणसं लागतात. म्हणून माझं म्हणणं आहे, कोटींमधला मोठा हिस्सा दर तालुक्याला दोन प्रशिक्षित पंच तयार करण्यावर घाला. भंडारा जिल्ह्यात सात तालुके, म्हणजे चौदा माणसं. शाळांमधले पीटीचे शिक्षक, निवृत्त पोस्टमास्तर, कोणीही चालेल. मग मोहाडीचं पोरगं लाखांदूरच्या पोराशी खेळेल आणि तो डाव कुठेतरी मोजला जाईल.

काही जण मला म्हणतात, अरे पुढाऱ्यांना आधी बाहेर काढ, मग रेटिंगचं बोल. आपल्या राज्य संघटनेच्या अध्यक्षपदावर परिणय फुके आले, जे आपल्याच भंडारा-गोंदिया स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले होते. मला पुढाऱ्यांचं वावडं नाही. हॉल मिळतो, प्रायोजक मिळतो, कलेक्टर कचेरीतला फोन उचलला जातो. माझी अट वेगळी आहे. अध्यक्ष कोणीही असो, बैठकीचा अजेंडा आधी आणि इतिवृत्त नंतर वेबसाइटवर टाका. हिशेब टाका. जिल्ह्याला किती आले, जिल्ह्याने कशावर खर्च केले. पीडीएफ नको, एक्सेल द्या, म्हणजे आमच्यासारखे रिकामटेकडे बसून बेरीज तपासतील.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या जिल्हा बुद्धिबळ संघटनेचा सचिव कोण आहे, शेवटची निवडणूक कधी झाली, आणि गेल्या वर्षभरात तुमच्या तालुक्यात रेटिंगची एक तरी स्पर्धा झाली का, एवढ्या तीन गोष्टी शोधा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पालघरपासून गडचिरोलीपर्यंत जिथून येईल तिथून. मी त्यांची शीट बनवतोय, आणि पुरेशा जिल्ह्यांची माहिती जमली की ती सगळ्यांसाठी खुली करतो. भंडाऱ्याची ओळ मी स्वतः भरणार. त्यासाठी येत्या शनिवारी भाच्याला घेऊन भंडाऱ्याला जातोय, तीन प्रश्न विचारायला.

पुढच्या भागात भेटू.