खड्यांचं विरजण

(पवनार येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं संक्षेपाने)



काल याच जागेवरून संतसाहित्यावर बोलणं झालं, उद्या कापसाच्या भावावर होणार आहे. मधला दिवस माझा आहे आणि माझा विषय आहे घरच्या फिशटँकमधले खडे कसे बदलायचे. हसा, खुशाल हसा. मीही याला विषय समजत नव्हतो. मग एका दिवाळीत माझ्या टाकीतले मासे गेले.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी ती टाकी. चार वर्षं सुरळीत चाललेली. मॉली होत्या, गप्पी होते. तळाला निळे रंगवलेले खडे होते आणि त्यांचा रंग सुटायला लागला होता. दिवाळीची साफसफाई निघाली तसा मीही बाह्या सरसावून बसलो. मासे बादलीत काढले. सगळे खडे उपसून फेकले. फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळपिळून धुतला, काच घासली, नवे पांढरे खडे घातले आणि वर ताजं नळाचं पाणी. टाकी अशी झळकली की शेजारी बघायला आले. भाऊबीजेला मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले, आणि पुढच्या दोन दिवसांत एकेक करून गेले. पाणी काचेसारखं नितळ होतं हो! तेच मला कळेना.

कारण साधं आहे. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजते, त्यातूनही अमोनियाच निघतो. जुन्या टाकीत तो साठत नाही, कारण खड्यांवर आणि स्पंजवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसलेला असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन विषं आहेत. नायट्राइटने तर माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि भरपूर हवेच्या पाण्यातही तो गुदमरतो. नायट्रेट त्यामानाने सोसण्यासारखं. दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की भागतं. मी दिवाळीत घाण समजून जे धुऊन टाकलं, ते टाकीचं विरजण होतं.

हे विरजण माणसाला कळलं कसं, तो किस्सा मला फार आवडतो. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १८५० साली त्यांनी तिथल्या केमिकल सोसायटीला सांगितलं की काचेच्या भांड्यात सोनमासे, एक पाणवनस्पती आणि गोगलगाई असा मेळ घातला, तर पाणी न बदलताही सगळी जगतात. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय सडकी पानं खाते, असा त्यांचा हिशेब. बरोबरच होता, पण अर्धा. तळाच्या वाळूचा त्यात जमाखर्चच नव्हता. पुढे १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू भरलेल्या लांब नळीतून गटाराचं पाणी हळूहळू सोडलं. वीसेक दिवस काहीच घडेना. मग अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम बंद. नंतर बागेतली माती कालवलेलं पाणी घातलं, काम पुन्हा सुरू. म्हणजे वाळूत कोणीतरी जिवंत होतं! यातली दोन कामं दोन वेगळ्या जिवाणूंची आहेत, हे रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ज्यांनी दाखवलं, त्यांचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. त्या मासेवाल्या वॉरिंग्टनचे चिरंजीव! बापाच्या भांड्यातली उरलेली अर्धी गोष्ट मुलाने शेतातल्या मातीत शोधली. ते जिवाणू वेगळे काढून वाढवणं मात्र त्यांना साधलं नाही. ते १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी केलं.

पवनारकरांना खरं तर यात नवल वाटू नये. १९४६ नंतर विनोबा इथून रोज सुरगावला मैलासफाईला जात. मैल्यावर माती टाकली की त्याचं सोनखत होतं, हे या गावाला शिकवायला नको. त्या मातीत काम करणारे आणि आपल्या खड्यांवरचे एकाच जातकुळीचे.

आता खडे बदलायचेच असतील तर. रंग सुटतोय, कडा धारदार असल्याने तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा झिजतायत, ही कारणं रास्त. नुसता रंगाचा कंटाळा आला असेल तर मी म्हणेन, राहू द्या. टाकीत मोठा स्पंजवाला फिल्टर असेल तर बरंचसं विरजण तिथे असतं आणि धोका कमी. पण खड्यांच्या खाली जाळी बसवून तिच्यातून पाणी ओढणारा फिल्टर असेल, तर खडे म्हणजेच फिल्टर. तो एकदम उपसायचा नाही. कसा काढायचा, ते पवनारच्या टेकाडावरून शिकावं.

१९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या देव आणि ढवळीकर यांनी इथे उत्खनन केलं. पुरातत्त्ववाले अख्खं टेकाड एकदम उपसत नाहीत, आखून चर घेतात. टाकीतही तसंच करा. तळाचे मनात चार पट्टे पाडा. एका वेळी एकच पट्टा काढा, पुढच्याला दहा-बारा दिवसांनी हात लावा. माझ्या टाकीत दोन इंची थराचे खडे भरले साधारण चौदा किलो, म्हणजे एका खेपेला साडेतीन किलो. पंप बंद ठेवा आणि रबरी नळीने तळचा गाळ ओढत ओढतच खडे उचला. तळाला काळं दिसलं आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर ते पाण्यात अजिबात ढवळू नका, नळीने थेट बाहेर काढा. काढलेले खडे न धुता नायलॉनच्या जुन्या मोज्यात भरून महिनाभर टाकीतच टांगून ठेवा. बघायला वाईट दिसतं. दिसू द्या. तेवढा महिना फिल्टर धुवायचा नाही, खाणं निम्मं, आणि घालायचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं, म्हणजे ब्लीचिंगचा क्लोरीन उडून जातो.

नवे खडे पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. पण त्याआधी लिंबू पिळून बघा. आपल्या धाम नदीच्या पात्रातला काळा बेसाल्ट किंवा गारगोटी गप्प बसते. पांढरट चुनखडीचा खडा फसफसतो, तो नको. चुन्याने पाण्याचा सामू चढतो, आणि सामू एका अंकाने चढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. इथे कोणी विचारेल, नदीची वाळू तर दर पुरात बदलते, तिथले मासे कसे जगतात? नदीला वरून येणारं पाणी असतं, महाराज. टाकीला असतात ४५ लिटर.

हे काम आत्ता, मे महिन्यात, कोणीही काढू नये. २५ अंशाच्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३५ अंशाला सात. मासाही त्यावरच जगतो आणि जिवाणूही. दसरा झाला की सुरुवात करा. दिवाळीपर्यंत निम्मी टाकी जुनी आणि निम्मी नवी दिसेल, पाहुणे विचारतील, सांगा काम चालू आहे म्हणून.

आणि महिना संपल्यावर मोज्यातले ते खडे फेकू नका. आपल्याकडे विरजण मागायला आलेल्याला कोणी रिकाम्या वाटीने परत पाठवत नाही. टाकीत रोगराई नसेल, तर ज्यांच्या घरी नवी टाकी आली असेल त्यांना ओंजळभर द्या, ओलेच द्या, आणि नळाखाली धुऊ नका म्हणून बजावून द्या.