पीटीचे सर
(आकाशवाणीवरील भाषण)



शाळेची आठवण निघाली की माणसं बहुधा मराठीच्या बाईंबद्दल, गणिताच्या सरांबद्दल बोलतात. पीटीच्या सरांवर कुणी भाषण केल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. म्हणून आज मी त्यांच्याबद्दलच बोलणार आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बाळापूरच्या हायस्कुलात आम्हा मुलींना ज्यांनी खो-खो शिकवला, ते आमचे सर 2025च्या उन्हाळ्यात गेले. शाळेतल्या बाकी शिक्षकांच्या 'सर'आधी आडनाव लागायचं. यांना अख्खं गाव नुसतं 'सर' म्हणायचं आणि कोणते सर असं कुणी विचारायचं नाही.

सर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शिट्टी येत नाही, सुतळी येते. खेळायचं तर आधी मैदान आखलं पाहिजे, आणि मैदान आखायला शिपाई नाही, खेळणाऱ्यांनीच यायचं, हा त्यांचा दंडक होता. सकाळी उन्हं वर यायच्या आत आम्ही जमायचो. एकीच्या हातात खुंट्या, एकीच्या हातात फक्कीचं घमेलं, एकीकडे मीटरचा टेप. सरांजवळ एक जाड सुतळी असायची, तिला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. मैदानाच्या कोपऱ्यावर खुंटी ठोकायची, एका बाजूला तीन मीटर मोजायचे, दुसऱ्या बाजूला चार, आणि मग त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर पाच मीटर भरलं की कोपरा काटकोनात आला. तसूभर कमी-जास्त झालं तर खुंटी उपटून पुन्हा. चारही कोपरे लागले की दोन्ही कर्ण ताणून बघायचे. ते सारखे भरले की मगच फक्की. पुढे गणिताच्या तासाला पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावर आला तेव्हा आमच्या टीममधल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. तो आम्ही रोज पायाखाली घालत होतो!

आजच्या नियमानं खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असतं. दोन टोकांना दोन खांब, मधे मधली पाटी, तिला छेदणाऱ्या आडव्या पाट्या, आणि पाटीवर आठ जणी एकाआड एक तोंडं फिरवून बसलेल्या. कागदावर हे सोपं दिसतं. पण आमची जमीन वऱ्हाडातली, काळी. पावसाळ्यात पाऊल टाकलं की पायाला अर्धी जमीन चिकटून येते, आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की धावणाऱ्या पोरीचा पाय मुरगळलाच समजा. कापसाला ही माती सोन्यासारखी, खेळाला मात्र वैरीण. सर दरवर्षी कुणा पालकाची बैलगाडी मिळवायचे, मुरूम आणायचे, मन नदीच्या पात्रातली रेती आणायचे, ते थर पसरून पाणी मारायचे आणि दगडी रोलर फिरवायचे. रोलरला आम्ही, आणि सगळ्यांच्या पुढे बाह्या वर करून सर. मुख्याध्यापकांनी कधी मजूर लावतो म्हटलं तर म्हणायचे, "नाही सर, लेकरायले समजू द्या आपन कायच्यावर धावतो ते."

रोज सकाळी सर आम्हाला नदीकाठच्या मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीपर्यंत धावत न्यायचे आणि तिथे दम खायला बसवायचे. बाळापूर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ठाऊक असेल, मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधे आमचा किल्ला उभा आहे. त्याच्या त्या उंचच उंच विटांच्या भिंतींवर सकाळचं ऊन पडलेलं असायचं. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह यानं तो बांधायला घेतला आणि 1757 साली अचलपूरचा नवाब इस्माईलखान यानं पुरा केला, हे मला इतिहासाच्या पुस्तकातून नाही, सरांकडून कळलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले होते, "एकानं धरलं, दुसऱ्यानं तडीस नेलं. खो याले म्हन्तेत पोट्टेहो." आम्ही तेव्हा धापा टाकत होतो, कुणी फार लक्ष दिलं नाही.

सरांचं शिक्षण अमरावतीचं, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं. वऱ्हाडातल्या माणसाला या संस्थेबद्दल वेगळं सांगायला नको, पण तरुण श्रोत्यांसाठी सांगते. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी 1914 साली एका साध्या आखाड्यापासून ही सुरुवात केली. त्याच वर्षी तिकडे पुण्यात डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधायला घेतले होते. इकडे अमरावतीत ती लाल मातीची शाळा वाढत गेली. हुतात्मा राजगुरूंनी व्यायामाचे धडे तिथे घेतले. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिक झालं तेव्हा मंडळाचं पथक तिकडे गेलं आणि त्यानं जगापुढे आपल्या हुतूतूचं, म्हणजे कबड्डीचं, प्रात्यक्षिक करून दाखवलं. विभागीय सामन्यांसाठी आम्ही अमरावतीला गेलो तेव्हा सरांनी सामना आटोपल्यावर आम्हाला मंडळात नेलं. मल्लखांबावर पोरं उलटी-सुलटी होत होती, आम्ही तोंडं उघडी टाकून बघत राहिलो. सर दाराशी वाकले, माती कपाळाला लावली, आणि काही न बोलता बाजूला उभे राहिले.

माझ्या मते वऱ्हाडातल्या खेळाचा खरा इतिहास इथे आहे. मंडळातून शिकून निघालेली तरुण माणसं बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर, दर्यापूर अशा गावोगावच्या शाळांत पीटीचे सर आणि बाई म्हणून गेली. त्यांच्या नावाचे पुतळे नाहीत. पण ज्या गावात चेंडू विकत मिळायचा नाही त्या गावात पोरं नियमानं खेळायला लागली ती यांच्यामुळे.

मुलींची टीम काढायची ठरवली तेव्हा सर आधी मैदानावर गेले नाहीत, घरोघर गेले. आमच्या घरी आले ते संध्याकाळी, दिवेलागणीला. ओट्यावर बसले, चहा घेतला, पीकपाण्याचं बोलले. मग आईला म्हणाले, "वहिनी, पोरीले पाय चांगले देल्ले देवानं. साडेसहाच्या आत घरी पोचवून द्याची माही जबाबदारी." आणि खरोखर सराव संपला की ते आम्हाला घेऊन निघायचे आणि वाटेतल्या एकेका दारात एकेकीला सोडत जायचे. शेवटच्या मुलीचं घर पार वेशीजवळ होतं, तिथपर्यंत. त्यांची सायकल हातात धरलेली असायची, सायकलवर बसलेले मी त्यांना त्या वाटेवर कधी पाहिलं नाही.

आमच्या टीममध्ये सतरंज्या विणणाऱ्या घरातली एक मुलगी होती. हुलकावणी द्यावी तर तिनं. पाठलाग करणारीला वाटायचं आता हिला धरलीच, आणि ही खांबाला वळसा घालून पलीकडच्या पाटीत. त्या वर्षांत रमजान पावसाळ्याच्या तोंडाशी यायचा, म्हणजे नेमका आमच्या सरावाच्या सुरुवातीला. रोजे असताना सरांनी तिला एक दिवसही धावायला लावलं नाही. पण घरीही बसवलं नाही. "तू आमची पंच," म्हणाले, आणि शिट्टी व गुणांची वही तिच्या हातात दिली. महिनाभर ती मैदानाकडेला उभी राहून आमचे फाऊल काढायची आणि आमच्याशी भांडण करून जिंकायची. नियम तिला असे पाठ झाले की पुढे लग्नानंतरही तालुक्याच्या सामन्यांना पंच म्हणून तिला बोलावणं येत राहिलं.

मला सरांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी. वर्गशिक्षकाला त्याचा वर्ग माहीत असतो. सरांना शाळा माहीत होती. पोरगं फाटकातून आत येताना त्याच्या चालीवरून ते ओळखायचे की हा उपाशी आहे, हा घरी मार खाऊन आला, हिच्या पोटात दुखतंय. एकदा प्रार्थनेच्या वेळी त्यांनी एका मुलाला रांगेतून बाजूला काढलं. आम्हाला वाटलं, युनिफॉर्मवरून बोलणार. त्यांनी त्याला शिक्षकांच्या खोलीत नेऊन स्वतःच्या डब्यातली भाकर दिली. ही गोष्ट आम्हाला कळली ती त्या मुलानं सांगितली म्हणून, पुष्कळ वर्षांनी. सर कुणाला बोलले नव्हते. आणि सगळ्यांना खेळवायचे. ज्याला धावता येत नाही त्याला रांगोळीनं पाट्या आखायला, जो बुजरा त्याला वेळ मोजायला. त्यांच्या तासाला कुणी झाडाखाली बसलेलं दिसलं की लांबूनच हाक यायची, "काहून रे, बसला काहून?"

जिल्ह्याचे सामने अकोल्याला. लाल डब्यानं जायचं. टोपलीत आईनं दिलेल्या भाकरी, ठेचा, आणि सरांनी वाटेत घेतलेली केळी. तिकिटाचे पैसे शाळेकडून यायला उशीर झाला तर सर खिशातून काढायचे. ते परत मिळाले की नाही, आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही कितीदा तरी हरलो. शहरातल्या मुलींचे बूट बघूनच आमचा अर्धा जीव जायचा. परतीच्या बसमध्ये सर रागवायचे नाहीत आणि उगाच समजूतही घालायचे नाहीत. वही काढून एकेकीला सांगायचे, तू इथे खो उशिरा दिला, तू मधली पाटी ओलांडली, तुझा सूर चांगला होता पण आधी खांब बघायला पाहिजे होता. पारसचा फाटा येईपर्यंत प्रत्येकीचा हिशेब झालेला असायचा, आणि बाळापूरला उतरताना सगळ्यांना उद्या सकाळची घाई झालेली असायची.

सरांच्या हातून कुणी सचिन घडला नाही. शारदाश्रम शाळेच्या रमाकांत आचरेकर सरांना 2010 साली पद्मश्री मिळाली, 2 जानेवारी 2019 रोजी ते गेले तेव्हा सचिननं त्यांना खांदा दिला, आणि ते योग्यच झालं. आमच्या सरांना खांदा द्यायला एसटीचा कंडक्टर होता, दोन शिक्षक होते, एक पोलीस हवालदार होता, आणि कपाशी पेरायची सोडून आलेले शेतकरी होते. बायकांनी स्मशानात जायचं नाही म्हणतात. आम्ही गेलो. घरापर्यंत पोचवायला त्यांनी आम्हाला शिकवलं होतं.

शेवटच्या वर्षात मी त्यांना भेटले ते जानेवारीत. दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, 19 जानेवारीला अंतिम सामने होते. भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, मुलांनी 54-36. सर खाटेवर उशीला टेकून टीव्ही बघत होते. मॅटवर सूर मारणाऱ्या पोरी बघून म्हणाले, "पाय, पडली तरी टोंगळे फुटत नाहीत. तुमचे किती फोडले मी त्या मुरमावर." मी म्हटलं, सर, निशाण अजून आहे. तर म्हणाले, "दाखव." मी साडी जराशी वर करून गुडघा दाखवला. त्यांनी चष्मा नीट केला, बघितलं आणि म्हणाले, "हा अकोल्याचा. उजव्या खांबाजवळ पडली होती तू." मलासुद्धा ते आठवत नव्हतं.

मला या निमित्तानं एक गोष्ट मनापासून बोलायची आहे. आज पुष्कळ शाळांत पीटीचा तास वेळापत्रकात असतो आणि प्रत्यक्षात गणिताला नाहीतर विज्ञानाला जातो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तिथे शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची सोय केली आहे. नसण्यापेक्षा हे बरं. पण जो माणूस काही तासांपुरता येतो आणि दुसरीकडे जातो, त्याला फाटकातून येणाऱ्या पोराची चाल कशी कळावी? पूर्ण वेळ शाळेत असणारा, सकाळी सगळ्यांच्या आधी येणारा आणि शेवटच्या लेकराला घरी पोचवून जाणारा शिक्षक शाळेला हवा. गणित बुडतं म्हणून पालक काळजी करतात, पीटी बुडते तेव्हाही त्यांनी शाळेत जाऊन विचारलं पाहिजे. मी विचारते, आणि विचारत राहणार आहे.

आम्ही जुन्या मुली आणि मुलं मिळून एक ठरवलं आहे. तालुक्याच्या सामन्यांच्या आधी शाळेचं मैदान आम्ही करून द्यायचं. मुरमाची ट्रॉली सांगून ठेवली आहे. सुतळी सरांच्या घरून त्यांच्या सुनेनं काढून दिली, गाठी अजून शाबूत आहेत. तीन मीटर, चार मीटर, पाच मीटर. बाळापूरचे जे कुणी हे ऐकत असतील आणि ज्यांच्या कमरेत अजून रोलर ओढायचं बळ असेल, त्यांनी रविवारी सकाळी सहाला मैदानावर यावं. येताना घमेलं आणावं, शाळेत दोनच आहेत.