डोक्याला मार आणि ‘काही नाही झालं’



आजचा विषय कन्कशन. म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. आपला मेंदू कवटीत एका द्रवात तरंगत असतो. डोक्याला फटका बसला किंवा मानेला जोराचा हिसका बसला, की तो आतल्या आत हिंदकळतो. रक्त येत नाही, बहुतेक वेळा शुद्धही हरपत नाही. सीटी स्कॅनसुद्धा अनेकदा नॉर्मल येतो. म्हणूनच आपण फसतो.

१७ ऑगस्ट २०१९. लॉर्ड्स कसोटीत जोफ्रा आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तो कोसळला, मैदानाबाहेर गेला. तपासणीत ठीक वाटला, म्हणून परत आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकेदुखी सुरू झाली, डोकं जड झालं. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. कसोटीतला हा पहिला कन्कशन बदली खेळाडू. तो नियम १ ऑगस्टलाच लागू झाला होता. स्मिथ पुढची कसोटीही खेळला नाही. अर्थ सरळ आहे : लक्षणं उशिरा येऊ शकतात.

फौजेत आणि मैदानावर एक सवय सारखीच पाहिली. पोरगं पडतं, उठतं, अंग झटकतं आणि म्हणतं, “काही नाही झालं!” आपण त्याची पाठ थोपटतो. इथे मात्र ही बहादुरी नव्हे. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला, तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. विशेषतः लहान वयात.

म्हणून माझा पहिला हुकूम : शंका आली की खेळ बंद. त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. गाडीही चालवायची नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळ, विसरभोळेपणा, उजेडाचा त्रास, चिडचिड यांवर लक्ष ठेवा. डॉक्टरांना दाखवा. एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी. मग हळूहळू अभ्यास, चालणं, धावणं. आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सामना.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाका-कानातून पाणी येणं किंवा जागं करूनही जाग न येणं, यातलं एक जरी दिसलं, तरी थेट हॉस्पिटल गाठा. सकाळची वाट पाहू नका.

आता बचाव. दुचाकीवर आयएसआय छापाचं हेल्मेट, पट्टा आवळून, मागे बसणाऱ्यालासुद्धा. हेल्मेट कवटी वाचवतं, पण आतला हादरा पूर्ण थांबवत नाही. म्हणून वेग आवरा. गाडीत सीटबेल्ट लावा. घरात म्हातारी माणसं असतील तर न्हाणीघर कोरडं ठेवा, धरायला दांडी बसवा, रात्री दिवा असू द्या. आणि वडीलधारी मंडळी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर किरकोळ वाटणारा मारही लगेच दाखवा.

मुलांना एवढंच शिकवा : लागलं तर सांगायचं. सांगणारा भित्रा नसतो. तो पुढचा सामना खेळण्यासाठी शाबूत राहतो.

जय हिंद.