सही माझी, पैसे मावशीचे

चेन्नईतून बोलतोय. मागे शिट्टी ऐकू आली तर ती कुकरची आहे, सांबार होतंय.

आजचा विषय जरा अडचणीचा. घरातल्यानंच घरातल्याचे पैसे खाल्ले, तर तो गुन्हा, की 'आपापसातली बाब'?

इंग्लंडमध्ये २००६च्या फ्रॉड ॲक्टमध्ये यासाठी वेगळं कलम आहे, चौथं. ज्यानं दुसऱ्याचं आर्थिक हित जपायचं, त्यानंच त्या जागेचा अप्रामाणिकपणे गैरफायदा घेतला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे हे बहुतांशी फौजदारी विश्वासघातात येतं. दंडविधानाच्या ४०६व्या कलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४पासून न्याय संहितेचं ३१६वं कलम आलं, त्यात पाच. मुलगा, जावई, पुतण्या, कुणालाही त्यात सूट नाही.

घर लिहून दिलं असेल तर २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा बघा. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावाखाली झाला असं कलम २३ मानतं. मार्च २०२५मध्ये आमच्या मद्रास हायकोर्टानं नागपट्टिनमच्या एका सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईंचं प्रकरण निकाली काढलं. घर मुलाच्या नावे केलं, मुलगा वारला, सून बघेना. दस्तात अट लिहिलेली नव्हती. प्रेमापोटी दिलं यातच ती आली, असं कोर्ट म्हणालं आणि दस्त रद्दच राहिला. तरी तुम्ही अट लिहूनच घ्या, वाद कशाला?

आता माझं सांगतो.

१९९३ साली मी मेजर होतो, इथंच ओटीएमध्ये प्रशिक्षक. साताऱ्याच्या मावशीला मूलबाळ नव्हतं, काका गेलेले. मुखत्यारपत्र माझ्या नावावर, एफडीची पावतीही माझ्याकडे. नंगनल्लूरच्या प्लॉटचा हप्ता थकला, तेव्हा मी तिची ऐंशी हजारांची एफडी मोडली. तीन महिन्यांनी व्याजासकट भरली. कुणाला पत्ता नाही, असं मी समजलो. मेसच्या हिशेबात दहा रुपये कमी आले तर चौकशी लावणारा माणूस मी!

पुढे कायदा वाचला. अप्रामाणिकपणे केलेला अपहार काही काळापुरता असला तरी अपहारच, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वकील म्हणतील, अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो. खरं आहे. पण विचारलं असतं तर मावशी हो म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. मग विचारलं का नाही? कारण तिला 'नाही' म्हणायची संधी द्यायची नव्हती.

सुट्टीत जाऊन तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ठाऊक आहे रे. त्या तिमाहीचं व्याज पासबुकात आलंच नाही. कवळी करायची होती, ती दिवाळीनंतर केली."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुला कसं विचारायचं?"

तेव्हापासून दर महिन्याला हिशेब लिहून तिला एक प्रत, धाकट्या भावाला एक. मुखत्यारपत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी एवढं कराच. आणि देणारा गेला की ते पत्रही संपतं. पुढच्या चेकवर त्या जोरावर सही करायची नाही. मावशी २००१ साली गेली. तिच्या शेवटच्या महिन्याचा हिशेब मी एकट्या भावाला पाठवला.