नांदूरच्या माहेरवाशिणी



मी सातवी शिकलेली, पक्ष्यांची जाणकार नव्हे. पण चार हिवाळे नांदूर मध्यमेश्वरला जाते आहे. पाहिले तेवढे सांगते.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी हा बंधारा आहे. गाळ साचून तिथे उथळ पाणथळ झाली. १९८६ साली तिथे पक्षी अभयारण्य झाले आणि २०२० साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. म्हणजे त्या पाणथळीचे मोल साऱ्या जगाने मानले. थंडीत चक्रवाक हिमालयापलीकडून येतात, थापट्या बदके त्याहूनही दूर उत्तरेकडून. अंडी, पिल्ले, सारा संसार तिकडे. इथे चार महिन्यांचे माहेरपण!

थापट्याची चोच उलथन्यासारखी रुंद, कडेला बारीक दाते. पाणी आत घ्यायचे, गाळायचे, किडे आणि बी तेवढे पोटात ठेवायचे. आपली पिठाची चाळणच म्हणा ना!

आणि हे पाणी येते कुठून? आपल्या रामकुंडावरून. इथले सांडपाणी, निर्माल्याच्या पिशव्या खाली वाहत जातात. त्या घाणीवर पाणवेली माजतात. आपण हात जोडतो तेच पाणी पुढे थापट्या चाळतो.

माहेरवाशिणीच्या ताटात आपण उष्टे वाढू का? म्हणून मंडळाने एवढे ठरवावे : निर्माल्य नदीत सोडायचे नाही, परसात किंवा कुंडीत जिरवायचे. आणि येत्या पौषात एक गाडी ठरवून सगळ्याजणींनी नांदूरला चलावे. डबे मी सांगेन तसे आणा, पिशव्या मात्र परत आणायच्या!