सारथी नसलेले यान आणि दंडाचा प्रश्न

(औंढा नागनाथ येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय ठरला तेव्हा संयोजकांपैकी एका ज्येष्ठांनी मला हळूच विचारले, "वकीलसाहेब, आपल्याकडे एस.टी. वेळेवर येत नाही. तिथे चालकच नसलेल्या मोटारीवर व्याख्यान कशासाठी?" शंका रास्त होती. पण ज्या तालुक्यात आपण बसलो आहोत, त्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत अणुगर्भापेक्षाही सूक्ष्म असा फरक मोजणारे यंत्र नागनाथाच्या परिसरात येणार, असे वीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर आपण हसलो असतो. त्यामुळे 'आपल्याकडे कशाला' हा प्रश्न मी बाजूला ठेवतो.

शिवाय ही मोटार एका रात्रीत येत नाही. ती तुकड्यातुकड्याने येते. अभियंत्यांनी स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरविल्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी स्वतः वेग राखते, मार्गिका सांभाळते, पुढे अडथळा दिसल्यास ब्रेक लावते. मात्र माणसाने सतत लक्ष ठेवलेच पाहिजे. चौथ्या पायरीवर ठरलेल्या क्षेत्रात माणसाची गरजच उरत नाही. यांतील दुसऱ्या पायरीच्या गाड्या भारतात मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारात उभ्या आहेत. काही तर आपल्या चाकणलाच तयार होतात. श्री. नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये चालकरहित मोटारींना विरोध दर्शविला, तो लक्षावधी चालकांच्या रोजगारासाठी. ती चिंता खरी आहे आणि मी तिच्याशी सहमत आहे. परंतु पूर्ण विनाचालक मोटार अडविली, तरी अर्धी विनाचालक मोटार आत आलेलीच आहे. आणि कायद्याची खरी कसोटी या अर्ध्या अवस्थेतच लागते.

ती कशी, हे अमेरिकेतील एका घटनेवरून ध्यानात येईल. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोना राज्यातील टेंपी शहरात उबर कंपनीची चाचणीसाठी फिरणारी मोटार हातात सायकल धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेवर आदळली आणि ती मरण पावली. स्वयंचलित मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ही पहिली नोंद. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढच्या वर्षी चौकशी पूर्ण केली. आघातापूर्वी ५.६ सेकंद यंत्राला ती महिला 'दिसली' होती. पण ती कोण, हे त्याला ठरविता येईना. कधी वाहन, कधी अज्ञात वस्तू, कधी सायकल, असे त्याचे मत बदलत राहिले. झेब्रा पट्ट्यांबाहेरूनही माणूस रस्ता ओलांडू शकतो, हा विचारच त्या आज्ञावलीत नव्हता. मूळ गाडीला कारखान्यातून आलेली आपत्कालीन ब्रेकची सोय स्वयंचलित चाचणीच्या वेळी बंद ठेवली जात होती.

क्षणभर थांबून आपल्या रस्त्याकडे पाहा. महाशिवरात्रीला इथे येणारा भाविक झेब्रा पट्टे शोधत चालतो काय? गाळपाच्या हंगामात रात्री उसाने लादलेली बैलगाडी मागे दिवा नसताना चाललेली असते. कडेने दिंडी जाते, मध्येच म्हैस बसते, आणि या दिवसांत डांबरी रस्त्यावर सोयाबीनही वाळत घातलेले असते. टेंपीच्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर ज्या यंत्राला एक सायकल आणि एक बाई उमगली नाही, त्याने इथे काय ओळखावे?

त्या प्रकरणाचा शेवट अधिक विचार करण्याजोगा आहे. कंपनीवर फौजदारी खटला भरण्यासारखा आधार नाही, असे तेथील सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये ठरविले. गुन्हा नोंदविला गेला तो गाडीत देखरेखीसाठी बसविलेल्या कर्मचारी महिलेवर. तिने २०२३ मध्ये दोष कबूल केला आणि तिला तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. ती मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती, म्हणजे निर्दोष नव्हतीच. पण तासन्‌तास काहीही न करता फक्त लक्ष ठेवणे मानवी मनाला जवळजवळ अशक्य आहे, हे तिला तेथे बसविणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय? ब्रेकची सोय बंद ठेवण्याचा निर्णय तिचा नव्हता.

आता आपल्या परंपरेकडे वळतो. इथे एक दक्षता घ्यायला हवी. नवे यंत्र निघाले की 'हे आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे; तिने आपलेच हसे होते. मी तसे म्हणणार नाही. मात्र गाडीने माणूस मेला तर दंड कोणाला, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी बारकाईने हाताळला होता, हे निःसंशय. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, अथवा गाडीवानाने 'बाजूला व्हा' असे ओरडून सांगितले होते, अशा दहा प्रसंगी दंड नाही असे म्हटले आहे. पण सारथी अकुशल असल्यामुळे गाडी भरकटली तर दंड मालकाला. सारथी कुशल असेल तर सारथ्याला. अकुशल सारथी नेमणे हाच मालकाचा अपराध.

कौटिल्य याहून पुढे जातो. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात, कंटकशोधनात, तो सांगतो की हाकणारा अल्पवयीन असेल तर गाडीत बसलेल्या मालकाला दंड करावा. आणि लगेच पुढे म्हणतो की मुलाच्या हाती असलेले किंवा कोणीच माणूस नसलेले यान राजाने जप्त करावे. 'अपुरुष' यान हा त्याचा शब्द. त्याच्यापुढे अर्थातच संगणक नव्हता, सोडून दिलेली बैलगाडी होती. तरी मूल आणि शून्य यांना त्याने एकाच ओळीत ठेवले, कारण दोघांकडेही जबाबदारी पेलणारे मन नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले, तेव्हा सारा महाराष्ट्र मुलाबरोबर त्याच्या पालकांकडेही बोट दाखवीत होता आणि पालकांवर गुन्हेही नोंदविले गेले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९९-अ नेमके हेच सांगते: वाहन अल्पवयीनाच्या हाती गेले, तर पालक किंवा मालक दोषी मानला जाईल.

मग संगणकाच्या हाती गेले तर?

फौजदारी कायदा इथे अडखळतो. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ हयगयीने मृत्यू घडविणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास सांगते. पण हयगय करायला मन लागते. नुकसानभरपाईचा कायदा मात्र बराच पुढे आलेला आहे, आणि तो प्रवास सांगण्यासारखा आहे. मुंबईतील एका ट्रकच्या अपघातात मालकाने 'यंत्रात बिघाड झाला' असा बचाव घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो मानला नाही; बिघाड आणि घेतलेली दक्षता ही दोन्ही सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला. मात्र त्याच निकालात, हयगय सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, असेही म्हटले. १९८२ मध्ये संसदेने दोष न पाहता द्यायची भरपाई आणली, मृत्यूसाठी अवघी पंधरा हजार रुपये. १९८६ मध्ये दिल्लीच्या वायुगळतीच्या खटल्यात, भोपाळच्या छायेत, न्यायालयाने सांगितले की घातक उद्योगातून नफा घेणाऱ्याने हानीही निरपवादपणे सोसली पाहिजे. आणि जानेवारी २००१ मध्ये एक विलक्षण निकाल आला. जीपचे पुढचे टायर फुटले, ती उलटली, पायी चाललेला माणूस गेला. चालकाची चूक नव्हती म्हणून खालच्या दोन्ही ठिकाणी विधवेला रिकाम्या हाताने पाठविले गेले. सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली: चूक नसली तरी धोका रस्त्यावर आणणाऱ्याने भार उचलावा. चाक मोडले तर दंड नाही, या जुन्या अपवादाच्या पुढे आपण गेलो, आणि योग्यच झाले.

आज कलम १६४ अन्वये मृत्यू झाल्यास पाच लाख व गंभीर इजा झाल्यास अडीच लाख रुपये मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायचे आहेत. मालकाची, अन्य कोणाची, इतकेच नव्हे तर खुद्द वाहनाची चूकही दावेदाराने सिद्ध करावी लागत नाही. 'वाहनाची चूक' हे शब्द कायद्यात आहेत! म्हणजे पाच लाखांपर्यंत पादचारी सुरक्षित आहे. प्रश्न आहे तो त्यापुढचा. घरातील कर्ता गेला तर पाच लाख किती दिवस पुरतात?

मी अपघात दावा न्यायाधिकरणात बरीच वर्षे काम केले. ऊसतोडीला गेलेल्या एका मजुराचा दावा आठवतो. ब्रेक निकामी झाले होते की चालक पेंगला होता, यावर वाद चालत राहिला. शेवटी निकाल आमच्या बाजूने लागला. त्या माउलीने आभार मानले आणि म्हणाली, "साहेब, तुमचं भांडण होईस्तोवर पोरं शाळेतून निघाली बी." ब्रेक तरी मेकॅनिकला उघडून पाहता येत होता. आज्ञावलीतील दोष ती माउली कोणाकडून तपासून घेणार? तो पुरावा कंपनीच्या संगणकात असतो, तोही कदाचित परदेशात. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रूझ कंपनीच्या विनाचालक मोटारीखाली सापडलेली महिला सुमारे वीस फूट ओढली गेली. ही गोष्ट कंपनीने अहवालात दडविली. पुढच्या वर्षी खोटा अहवाल दिल्याची कबुलीही दिली. तेथील सरकारशी असे वागणारे आपल्या तालुक्यातील विधवेशी कसे वागतील?

म्हणून इतर देशांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये ठरविले की आधी विमा कंपनीने पीडिताला पैसे द्यावेत, मग निर्मात्याशी भांडत बसावे. २०२४ च्या कायद्याने, गाडी स्वतः चालत असताना झालेल्या चालनदोषांची जबाबदारी आत बसलेल्या माणसावरून काढून परवानाधारक कंपनीवर ठेवली. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्यूरीने २०१९ च्या अपघातात टेस्ला कंपनीला एक तृतीयांश दोषी ठरविले आणि सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर भरण्यास सांगितले; चालकानेही पडलेला फोन शोधताना रस्त्यावरून नजर काढली होती. दोष वाटला गेला, आणि मला तो न्याय टेंपीपेक्षा अधिक पटतो.

आपल्या कायद्यात २०१९ पासून कलम २-ब आहे. नवसंशोधनाला उत्तेजन म्हणून केंद्र सरकार काही वाहनांना या कायद्यातून सूट देऊ शकते. संशोधनाला माझा विरोध नाही; आपल्या तरुणांनी हे यंत्र आपल्याच रस्त्यांवर शिकवावे, असेच मला वाटते. पण सूट मिळालेल्या गाडीने माणूस मेला, तर कोणाचे नाव आरोपपत्रात यायचे, हे सूट देतानाच लिहिले गेले पाहिजे. पूर्ण भरपाई विमा कंपनीने आधी द्यावी, दोषाचा वाद नंतर तिने निर्मात्याशी घालावा. गाडीची नोंद तीस दिवसांच्या आत न्यायाधिकरणाच्या ताब्यात यावी. आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आधीच नोंदविलेले असावे, म्हणजे दंड देखरेखीला बसविलेल्या पगारी नोकरापाशी थांबणार नाही.

या कायद्याखालील नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. आजवर अशा हरकती बहुधा दिल्ली-मुंबईतील कंपन्यांचे वकीलच पाठवीत आले आहेत. असा मसुदा येईल तेव्हा औंढ्याहूनही एक पत्र जावे. त्यात दिव्याविना चाललेली उसाची गाडी, दिंडी आणि रस्त्यावर वाळणारे सोयाबीन यांचा उल्लेख असावा, कारण मसुदा लिहिणाऱ्याच्या खिडकीतून यांतील काहीच दिसत नाही. मजकूर लिहायला मी येईन. सह्या मात्र तुमच्या हव्यात.